निशाणी डाव्या हाताचा अंगठा

आमच्या शाखेत रोखपालाच्या खिडकीशेजारी, कमरेपेक्षा थोड्या उंचीवर, भिंतीचा वीतभर पट्टा कायम जांभळा असे. दिवाळीच्या आधी रंगारी ती भिंत पांढरी करून जाई आणि संक्रांत येईपर्यंत ती पुन्हा जांभळी होई. पैसे काढायला आलेली माणसे शाईच्या पॅडवर अंगठा दाबत, तो स्लिपेवर उमटवत आणि उरलेली शाई त्या भिंतीला पुसत. काही पुरुष ती डोक्याच्या केसांना पुसत, बायका पदराच्या आतल्या अंगाला. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील त्या शाखेत मी १९८६ साली कारकून म्हणून रुजू झाले, तेव्हा मला त्या भिंतीची किळस येई. पुढे तिच्याशेजारी इतकी वर्षे बसले की ती दिसेनाशी झाली. आता निवृत्तीनंतर मात्र ती वारंवार आठवते, कारण त्या पंचक्रोशीतल्या निरक्षरतेची नोंद सरकारी तक्त्यांपेक्षा तिच्यावर अधिक प्रामाणिकपणे होत होती, असे मला वाटते.

उमटलेल्या अंगठ्याशेजारी आम्ही 'नि. डा. हा. अं.' अशी चार अक्षरे लिहीत असू. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्यातला 'निशाणी' हा शब्द जुना आहे. मराठेशाहीतल्या मोडी कागदांवर पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे आढळते. मजकूर कुलकर्णी लिही आणि पाटील खाली नांगराची आकृती काढी. बलुतेदारांचीही आपापल्या अवजारांची चिन्हे असत. लिहिता न येणारा माणूससुद्धा आपण कोण आणि आपला धंदा काय, एवढे तरी कागदावर स्वतःच्या हाताने सांगू शकत होता. अंगठा यातले काही सांगत नाही. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, तो या माणसाने उद्या करार नाकारू नये, याचा धाक बसावा म्हणून. ठशाचा जन्मच असा अविश्वासातून झालेला आहे. नांगराची खूण करणारा पाटील कागदाचा एक पक्ष होता. अंगठा देणारा माणूस कागदाच्या ताब्यात जातो.

अर्थात नांगर काढणाऱ्या पाटलालाही वरचा मजकूर वाचता येत नव्हताच. कुलकर्ण्याच्या लेखणीवर जोतीराव फुल्यांनी जो राग काढला, त्याचे कारण हेच होते, आणि शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी त्यांनी सावित्रीबाईंसह १८५५ साली रात्रीची शाळा काढली, ती अक्षरांच्या हौसेने काढलेली नव्हती.

काउंटरच्या आतल्या बाजूने निरक्षर माणूस ओळखायला मला फार दिवस लागले नाहीत. पुरुष बहुधा म्हणत, "चष्मा घरी ऱ्हायला, तेवढं तुम्हीच भरा." हा चष्मा वर्षानुवर्षे घरीच राहिलेला असे. एक गृहस्थ खिशाला पेन लावून येत, उभ्याउभ्या भिंतीवरच्या सूचना वाचल्यासारखे करत आणि मग अगदी सहज स्लीप माझ्याकडे सरकवत. ते पेन शाईविना कोरडे होते, हे मला कित्येक वर्षांनी कळले. बायका असले नाटक करत नसत. "मला न्हाय येत," एवढे म्हणून त्या मोकळ्या होत. निरक्षर असणे ही बाईची रीत आणि पुरुषाची नामुष्की, अशी ती वाटणी होती, आणि म्हणूनच पुढे वर्ग सुरू झाले तेव्हा बायका आल्या, पुरुष आले नाहीत.

या बायकांमध्ये एक आक्का होत्या. दूध डेअरीचे पैसे दर दहा दिवसांनी आमच्याकडे जमा होत आणि त्या ते काढायला येत. त्यांचा अंगठा नीट उठत नसे. भांगलण, धुणी, शेणकूट आणि चुलीची राख यांनी बोटावरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. कागदावर उमटे तो नुसता जांभळा डाग. आज रेशन दुकानातल्या यंत्रापुढे "अंगठा उठत नाही" हे वाक्य ऐकले की मला त्या डागाची आठवण होते. ज्यांना अक्षर मिळाले नाही त्यांचे हात इतके राबतात की बदल्यात दिलेली खूणही त्यांच्याजवळ टिकत नाही.

२००४ च्या उन्हाळ्यात मी त्यांना सही शिकवली. नाव आणि सासरचे आडनाव मिळून सहा अक्षरे होती. दुपारी तीननंतर गर्दी ओसरली की जुन्या स्लिपांच्या पाठीवर मी अक्षरे काढून देई आणि त्या बाकावर बसून ती गिरवत. त्यांना ती अक्षरे म्हणून कळली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होते. पहिले अक्षर त्यांना कडीसारखे वाटे, दुसरे विळ्यासारखे; त्या एक ओळखीचे चित्र डावीकडून उजवीकडे काढत होत्या, रांगोळी काढावी तसे. दोन महिन्यांनी नमुना सहीचे नवे कार्ड भरले, साहेबांनी पेढे मागवले, आणि त्या दिवशी त्यांनी भिंतीला हात पुसला नाही, याचा मला केवढा तरी अभिमान वाटला. साक्षरतेच्या आमच्या सगळ्या कल्पना त्या पेढ्यांत होत्या.

पाच वर्षांनी आक्का एक लिफाफा घेऊन आल्या. पैसे काढायचे नव्हते. रांग संपेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या आणि मग लिफाफा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "पोस्टमननं सही घेतली माझी. काय हाय बघा." सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची, खेड्यात जिला नुसते 'एकशेएकची नोटीस' म्हणतात ती, वसुलीची नोटीस होती. दिराच्या मुलाने एका पतसंस्थेतून पाइपलाइनसाठी कर्ज घेतले होते, ते थकले होते, आणि आक्का जामीनदार क्रमांक दोन होत्या. मी विचारले तेव्हा त्यांना आठवले, की एकदा तो कुणा माणसाला घेऊन घरी आला होता, कागदावर पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या मारलेल्या होत्या, आणि "इथं, इथं आन् इथं" असे तो म्हणाला होता. त्यांनी तिन्ही जागी सावकाश, एकही अक्षर न चुकता सही केली होती. पुतण्याने कौतुकही केले होते, की काकीची सही माझ्यापेक्षा चांगली आहे.

नोटीस मी शेवटपर्यंत वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग त्यांनी विचारले, "अंगठा असता तर कुणीतरी वाचून दाखवलं असतं न्हवं?"

हा प्रश्न मला आजवर पुरला आहे. सही करणाऱ्याने मजकूर वाचला आहे असे कायदा धरून चालतो. अंगठा असेल तर साक्षीदार लागतो, 'मजकूर वाचून दाखविला, समजावून सांगितला' असे लिहावे लागते, आणि वाद झालाच तर निरक्षर माणसाला कागद खरोखर समजला होता हे दाखवण्याचे ओझे कागद करून घेणाऱ्यावर टाकण्याकडे न्यायालयांचा कल असतो. निरक्षराला व्यवस्थेने दिलेले हे एकुलते एक कुंपण आहे. मी आक्कांना सही शिकवली, म्हणजे ते कुंपण काढून घेतले, आणि त्याच्या जागी वाचता येणे मात्र दिले नाही.

पण खरे सांगायचे तर आक्कांच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेही नव्हते. आमच्या शाखेत 'मजकूर वाचून दाखविला' याचा रबरी शिक्का होता. शाईचे पॅड एकच, आधी अंगठा आणि मग तो शिक्का. सोमवारच्या बाजाराच्या गर्दीत मी तो शेकड्यांनी मारला आहे, आणि त्यातले किती कागद मी खरोखर वाचून दाखवले, हे मी इथे लिहू इच्छित नाही. बक्षीसपत्रे असोत, हक्कसोडपत्रे असोत, की आमचे कर्जाचे करारनामे, वाचून दाखवणारा सहसा ज्याला त्या कागदाचा फायदा आहे त्याच्याच बाजूचा असतो. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क मिळाला, आणि त्यानंतर भावांनी बहिणींना गाडी करून तालुक्याला नेण्याचे प्रमाण माझ्या डोळ्यांदेखत वाढले. येताना बहिणीला साडी मिळे. त्या कागदात काय लिहिले होते, असे मी एकीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "भावाचं नाव लावायचं हुतं उताऱ्याला." ते खोटेही नव्हते.

म्हणून निरक्षरतेला अज्ञान म्हणण्याची आपली सवय मला पटत नाही. आक्कांना कोणत्या म्हशीला कोणता चारा लागू पडतो, डेअरीचा फॅट किती लागला की दर किती बसतो, उसने दिलेले कुणाकडून किती यायचे आहे, हे सगळे तोंडपाठ होते. जात्यावरच्या लाखभर ओव्या रचणाऱ्या आणि जपणाऱ्या बायांना बहुधा अक्षरओळख नव्हती, आणि बहिणाबाई चौधरींची कविता तर त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, व आप्तांनी लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. हे दाखले भाषणांत फार वेळा दिले जातात, आणि दर वेळी मला त्यातली 'लिहून घेतली म्हणून' ही अट ठळक दिसते. निरक्षर माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागते, आणि ते डोळे सोपानदेवांचे असतील की पतसंस्थेच्या माणसाचे, हे त्याच्या हातात नसते. विद्वत्ता नसणे हा प्रश्न निराळा आहे. आक्कांना उणीव होती ती नाही म्हणण्याआधी लागणाऱ्या चार मिनिटांच्या एकांताची.

आपल्या मोहिमा मात्र सहीपाशी थांबत आल्या. १९५९ साली याच सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर नेण्यात आली. गावे पूर्ण साक्षर म्हणून जाहीर होत, समारंभ होत. आक्कांची आई त्या वर्गात बसली होती, कंदिलाच्या उजेडात धडा वाचून दाखवल्याचे तिने लेकीला सांगितले होते, आणि मरताना तिला स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे ओळखता येत होते. तिची बुद्धी कमी पडली नव्हती. घरात वाचण्यासारखा कागदच नव्हता, आणि न वापरलेले अक्षर न वापरलेल्या पायवाटेसारखे बुजते. मग २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले, २००९ मध्ये साक्षर भारत आले. केरळात एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये पूर्ण साक्षर झाला आणि पुढच्या वर्षी सबंध राज्य, याचे कारण तिथे ग्रंथालये होती, मागून आलेल्या वाचणाऱ्याला वाचायला काही होते. आमच्याकडे वर्ग संपला की पुस्तिका ट्रंकेत जाई.

मोजण्याची रीतही मला आता संशयास्पद वाटते. सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणतीही एक भाषा समजून वाचता आणि लिहिता येते ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे, आणि ती चांगली आहे. पण प्रगणक कुणाची परीक्षा घेत नाही. तो दारात उभा राहून विचारतो आणि उत्तर बहुधा घरातला कर्ता देतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के निघाली, पुरुषांची ८८.३८ आणि स्त्रियांची ७५.८७. म्हणजे कागदोपत्रीच जवळजवळ दर चौथी स्त्री निरक्षर होती. आक्का त्या वेळी कोणत्या रकान्यात गेल्या, असे मी मुद्दाम विचारले. "ह्यांनी सांगितलं की सही करते म्हणून," त्या म्हणाल्या. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे याच आकड्यांवर आपण अजून बोलत आहोत. दरम्यान ९५ टक्के साक्षरता म्हणजे पूर्ण साक्षरता असे ठरले आणि २०२५ च्या मे महिन्यात गोवा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. गोव्याचे अभिनंदन करायलाच हवे. पण उरलेल्या पाचांत कोण असणार, हे मला त्या जांभळ्या भिंतीवरून सांगता येते.

निवृत्तीनंतर गावातल्या शाळेच्या गुरुजींनी मला 'उल्लास'ची स्वयंसेविका व्हायला सांगितले. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ पासून चाललेला हा केंद्राचा कार्यक्रम आहे. 'प्रौढ शिक्षण' हे नाव आता नको म्हणून 'सर्वांसाठी शिक्षण' असे म्हणतात. गावात त्याला 'म्हाताऱ्यांची शाळा' हेच नाव पडले. धारा काढून, दूध घालून, भाकऱ्या करून बायका आठला समाजमंदिरात येत. पहिल्या दिवशी आक्का आल्या त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "सही नगं. आता वाचाय शिकवा." बँकेत त्या मला मॅडम म्हणत, इथे बाई म्हणू लागल्या.

पुस्तिकेतला पहिला धडा मी बाजूला ठेवला आणि कशाने सुरुवात करू असे त्यांनाच विचारले. त्यांना एसटीची पाटी वाचायची होती. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाल्यावर त्या एकट्या फिरू लागल्या होत्या, आणि स्टँडवर प्रत्येक गाडीला "ही कुठं जाती?" असे विचारावे लागे. मी तीन पाट्या पाटीवर लिहिल्या: दहिवडी, वडूज, म्हसवड. आक्कांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि मग उठून जवळ आल्या. पहिल्या शब्दातल्या दोन अक्षरांवर बोट ठेवले, मग दुसऱ्यातल्या, मग तिसऱ्यातल्या. "ही दोन तिन्हीकडं हायती."

मी ती दोन अक्षरे वाचून दाखवली. वड.

"वड?" त्या म्हणाल्या. "आपला वड?"

पस्तीस वर्षे मी त्या तीन गावांची नावे स्लिपांवर, धनादेशांवर, पत्त्यांत लिहिली होती आणि तिन्हींत वड आहे हे कधी माझ्या लक्षात आले नव्हते. ज्याला वाचता येते तो अक्षरांकडे पाहतच नाही. त्या रात्री वर्गातल्या अकरा बायका वड शोधत होत्या. एकीला तो 'वडील'मध्ये सापडला, एकीला 'निवडणूक'मध्ये, आणि एकीने 'वडापाव' म्हटल्यावर जे हसू उसळले त्याने शेजारच्या देवळातले भजनीही डोकावून गेले.

आक्का नोटा रंगावरून ओळखत. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली तेव्हा माझी नोकरी चालू होती, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत दोन हजारांपासून दहापर्यंत एकेका नोटेचा रंग आणि आकार बदलत गेला. शिकलेल्यांना ते फक्त नवे वाटले. या बायकांची मात्र ती लिपीच होती, आणि ती रातोरात कुणीतरी बदलून टाकली. पिवळी दोनशेची आणि हिरवट पिवळी वीसची संध्याकाळच्या बाजारात सारख्याच दिसतात. आक्कांनी एका भाजीवाल्याला विसाच्या जागी दोनशे दिले होते आणि ते परत मिळाले नव्हते. अंक त्यांना आठवडाभरात आले. त्या सगळ्या पैशांची भरपाई म्हणून की काय, इतक्या ईर्ष्येने त्या अंक शिकल्या.

१७ मार्च २०२४ च्या रविवारी राज्यभर परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलांच्या ठेंगण्या बाकांवर, नऊवारीतल्या आज्या गुडघे आवळून बसल्या होत्या, आणि एकीचा नातू खिडकीतून तिला उत्तरे सांगू पाहत असल्यामुळे गुरुजींनी त्याला हाकलले. आक्का उत्तीर्ण झाल्या. प्रमाणपत्र त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवले, आईचेही असेच कुठेतरी असेल म्हणाल्या. त्या प्रमाणपत्राने मी फार हुरळले नाही. जोडाक्षर आले की त्या अजून अडतात, आणि आपले सरकारी व बँकांचे मराठी तर जोडाक्षरांवरच उभे आहे. नामनिर्देशन, हस्तांतरण, सहकर्जदार, उपरोक्त. माझ्या पदवीधर भाच्यालाही जो अर्ज दोनदा वाचूनही कळला नाही, तो आक्कांना कळावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी आधी तो अर्ज लिहिणाऱ्यांचा वर्ग घ्यायला हवा.

गेल्या श्रावणात त्यांच्याबरोबर मी माझ्या जुन्या शाखेत गेले होते. आता भिंत स्वच्छ आहे, पॅडच्या जागी बोट ठेवायचे यंत्र आहे, आणि काउंटरवर मला न ओळखणारा एक तरुण मुलगा. खात्याचे कागद अद्ययावत करायचे म्हणून त्याने आक्कांना चार पानी फॉर्म दिला, चौथ्या पानावर पेन्सिलीने फुली मारली आणि म्हणाला, "आजी, इथं सही करा."

आक्कांनी पहिले पान उघडले. बोट पहिल्या ओळीखाली ठेवले आणि ओठ हलवत वाचू लागल्या. मागे सहा-सात माणसांची रांग होती. कुणीतरी सुस्कारा सोडला. मुलगा नम्रपणे म्हणाला की त्यात विशेष काही नाही, सगळे असेच सही करतात. मी तोंड उघडणार होते, पण काय बोलायचे ते मला सुचले नाही. इतकी वर्षे हेच वाक्य मी खिडकीच्या त्या बाजूने बोलत आले होते. आक्का दुसऱ्या पानावर एका शब्दापाशी अडल्या, मागे आल्या, पुन्हा अडल्या. मग त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"घरी नेते," त्या म्हणाल्या. "वाचून परवा आणते."

"आजी, पण..."

"परवा," आक्का म्हणाल्या, आणि रांगेतल्या पुढच्या माणसासाठी बाजूला झाल्या.